सासरे डोळ्याला बसतात तेव्हा

अंधारावर जीव टाकणारी माणसं जगात दोनच. एक चोर आणि दुसरे माझे सासरे. त्यातही चोराचं प्रेम मतलबी. काम झालं की तोसुद्धा घरी जाऊन दिवा लावत असेल. सासऱ्यांचं प्रेम निखळ होतं. संध्याकाळी गावातले दिवे गेले की लोक विजेच्या खात्याच्या नावानं बोटं मोडत, आणि माझे सासरे परड्यात उभे राहून दोन्ही हात जोडून म्हणत, "देवा, खात्याचं भलं कर." आता गंमत अशी, की त्याच खात्यात मी ओव्हरसियर. गावोगाव खांब रोवायचे आणि उजेड पाडायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. अंधाराच्या ह्या भक्तानं आपली एकुलती एक मुलगी माझ्यासारख्या उजेडवाल्याला दिली कशी, ह्याचं कोडं त्यांच्या भावकीला शेवटपर्यंत सुटलं नाही. मला सुटलं, पण त्यालाही काही वर्षं जावी लागली.

त्यांचं गाव कडेगावच्या जवळ. तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला ओढा. सासरे मिलिटरीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळं गाव त्यांना हवालदारच म्हणायचं. मी रिवाजाप्रमाणे मामा म्हणायचो. आता आमच्या सातारा-सांगलीकडं मिलिटरीतून परत आलेला माणूस ही काही नवलाई नाही, घरटी एक सापडेल. बाकीचे येताना ट्रान्झिस्टर आणतात, लोखंडी ट्रंक आणतात, आणि जन्मभर पुरतील एवढ्या लढाईच्या गोष्टी आणतात. सासऱ्यांची सगळी नोकरी तोफांवरच्या दुर्बिणी दुरुस्त करण्यात गेली होती. ते घेऊन आले ती मोडीत काढलेल्या भिंगांची पेटी. त्या भिंगांतून त्यांनी घरामागच्या परड्यात एक दुर्बीण उभी केली. तिची नळी शेताला पाणी द्यायच्या ॲल्युमिनियमच्या पाइपची. ती फिरवायचं दातेरी चाक सांगलीत, उसाचे चरक दुरुस्त करणाऱ्याकडून कातून आणलेलं. खाली जमिनीत खोल गाडलेला दगडी खांब, आणि तो ध्रुवाच्या रोखानं नीट बसवण्यात म्हणे दोन हिवाळे गेले. दुर्बिणीचा तोल राहावा म्हणून दुसऱ्या टोकाला शेजारच्या दुकानदाराचं पाच किलोचं माप टांगलेलं असे. दुर्बीण चालू असली की त्या दुकानात पाच किलो साखर एका मापात मिळत नसे. दोन, दोन आणि एक अशी जुळवून घ्यावी लागे. दुकानदारानं कधी कुरकुर केली नाही. तो जैन, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळा. सगळं गाव ताटावर बसलं की हा एकटाच रिकामा. मग तो सासऱ्यांशेजारी पोतं अंथरून बसायचा आणि आपल्या मापावर लक्ष ठेवायचा.

बरं, एवढ्या दुर्बिणीतून बघायचं काय, तर एक तारा. फक्त एक. कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधलेला, आणि खरं काम त्याचं. आभाळ सरकतं, त्याच्याबरोबर कॅमेरा सरकवत न्यायचा, नाहीतर फोटोत ताऱ्यांच्या रेघा उमटतात. मोटर वगैरे चोचले नव्हते. दुर्बिणीत दोन धाग्यांची फुली, त्या फुलीवर तो एक तारा, एका हातात पितळी स्क्रू. तारा केसभर हलला की स्क्रू केसभर फिरवायचा. असा तासभर. ते धागे कोळ्याच्या जाळ्याचे असत, कारण त्याहून बारीक धागा त्रिभुवनात नाही असं सासरे म्हणत. त्यामुळे माजघरातला एक कोपरा झाडायची घरात कुणाला परवानगी नव्हती. दिवाळीच्या झाडलोटीत सासूबाई केरसुणी घेऊन त्या कोपऱ्याकडं वळल्या की सासरे आडवे यायचे. "तिथला कोळी सरकारी हाय. त्याला हात लावायचा न्हाई." सासूबाई, म्हणजे माझ्या मामी, कपाळाला हात लावून परत फिरायच्या.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर मृग नक्षत्राच्या शेजारी आभाळात एक तेजोमेघ आहे, गोल, पाकळ्यापाकळ्यांचा, गुलाबाच्या फुलासारखा. तो इतका पुसट, की डोळ्यांना दिसत नाही. दुर्बिणीतूनसुद्धा दिसत नाही. कॅमेऱ्याची फिल्म तासभर उघडी ठेवली तरच हळूहळू उमटतो. मिलिटरीत असताना हिमालयातल्या कुठल्याशा चौकीवर एका साहेबानं सासऱ्यांना पुस्तकात त्याचा फोटो दाखवला होता, तेव्हापासून हे वेड. दुकानदारानं एकदा न राहवून विचारलं, "हवालदार, जे दिसतच न्हाई त्याचा फोटो कशाला वं?" सासरे म्हणाले, "दिसत आसतं तर फोटो कशाला लागला आसता?" दुकानदाराचं तेवढ्यावर समाधान झालं. मामी मात्र तेवढ्यावर भागणाऱ्यांतल्या नव्हत्या. "उभ्या संसारात एक गजरा आनला न्हाई ह्यांनी," असं त्या येईल त्याला सांगायच्या. त्यावर सासऱ्यांचं ठरलेलं उत्तर, "बाजारातलं काय आनायचं? तुला आसलं फूल दावतो, की ह्या मुलखात कुनाच्या बायकूनं बघितल्यालं न्हाई." ह्या फुलाची वाट बघत मामींचे केस पांढरे व्हायला लागले होते. पण सासऱ्यांनी ते मनावर घेतलं होतं, एवढं खरं. ते फूल आणल्याशिवाय मरायचं नाही, असं ते अगदी सहज बोलून जायचे.

दुर्बिणीला डोळा लावून बसण्याच्या ह्या प्रकाराला गावानं नाव दिलं होतं, डोळ्याला बसणं. "हवालदार हायत का घरी?" "हायत, पर डोळ्याला बसल्यात." त्या तासाभरात सासरे हलायचे नाहीत. 'होय' म्हणायला तोंड उघडावं लागतं आणि 'नाही' म्हणायला मान हलवावी लागते. दोन्हीनं डोळा सरकतो आणि तारा फुलीवरून जातो. तेव्हा कुणी काहीही बोललं, तरी सासऱ्यांच्या नाकातून एकच आवाज यायचा. "हूं." एकदा त्यांच्या पायावरून विंचू गेला. दुकानदारानं बघितला आणि त्याची बोबडी वळली. सासरे जागचे हलले नाहीत. तास पुरा झाला, कॅमेऱ्याच्या भिंगावर त्यांनी आपली जुनी मिलिटरीची टोपी घातली, म्हणजे त्यांच्या भाषेत शटर बंद केलं, आणि मग शांतपणे म्हणाले, "इच्चू हुता न्हवं? थंडगार लागला."

आता माझ्या लग्नाचं सांगतो. माझे वडील आणि चुलते साताऱ्याहून मुलगी बघायला निघाले. वाटेत एस.टी. बंद पडली, आणि दुपारचे पाहुणे रात्रीच्या जेवणवेळेला पोचले. मुलगी बघून झाली, पसंत पडली, आणि बोलणी करायला यजमान कुठं आहेत म्हणून विचारलं, तर मामींनी परड्यात नेलं. तिथं हवालदार डोळ्याला बसलेले. माझे चुलते म्हणजे बोलण्यात पटाईत माणूस; बोलणी म्हटली की त्यांना लढाईचा हुरूप यायचा. त्यांनी बाह्या सरसावल्या. "मुलगा विजेच्या खात्यात आहे. चालेल ना?" "हूं." "लग्न साताऱ्याला करू म्हणतो." "हूं." "आमचं वऱ्हाड मोठं असतंय बरं का!" "हूं." "मानपान आम्ही सांगू तसा." "हूं." चुलत्यांना घामच फुटला. लढायला म्हणून आले आणि समोर किल्ल्याचे दरवाजे सताड उघडे! घरी परत आल्यावर ते सगळ्यांना सांगत सुटले, "असा व्याही जन्मात बघितला नाही. एका शब्दानं आडवा आला नाही. आणि प्रत्येक होकार कसा? आभाळाकडं नजर लावून, देवाला साक्षी ठेवून!" सासऱ्यांनी नंतर एकच अट घातली. लग्न शुक्लपक्षात धरायचं. आमच्या घरी वाटलं, माणूस फार धार्मिक दिसतो. अंधाऱ्या पंधरवड्यात त्यांना वेळ नसतो, हे आम्हाला कोण सांगणार?

पहिल्या दिवाळसणाला गेलो तेव्हा धार्मिकपणाचा उलगडा झाला. जावई आला म्हणून मामींनी हौसेनं आकाशकंदील लावला, पणत्यांच्या ओळी लावल्या. सासऱ्यांनी एकेक पणती फुंकली आणि मला म्हणाले, "जावयबापू, राग मानू नगा. पर वरसातली चांगली आमुशा, आन् ह्या लोकान्ला त्याच दिवशी दिवाळी सुचती." मी नवी कापडं घालून मिट्ट अंधारात करंज्या चाचपत बसलो. बायको म्हणाली, "सवय होईल." झाली.

फिल्म धुण्याचा सोहळा तर आणखी निराळा. ती फिल्म अशी, की तिला लाल दिवासुद्धा चालायचा नाही. मग सासरे दोन घोंगडी अंगावर घेऊन, सगळी भांडी पोटाशी धरून, जमिनीवर उकिडवे बसायचे. एखादा पाहुणा अवचित आला तर त्याला सोप्यात घोंगड्यांचा एक ढीग दिसायचा, आणि तो ढीग म्हणायचा, "या, बसा. च्या घ्या." आणि एवढं करून हाती काय यायचं? एका वर्षी भिंगावर दव साचलं आणि नुसती राख उमटली. पुढच्या वर्षी मामींनी भिंगाला बाळाचं टोपरं शिवून घातलं, तर ते पुढं घसरलं आणि फोटोत टोपरंच आलं. तिसऱ्या वर्षी म्हैस सुटून परड्यात आली आणि तिनं त्या दगडी खांबाला अंग घासलं. फोटोत अख्खं मृग नक्षत्र शिंकल्यासारखं दिसत होतं. सासरे म्हशीला एका शब्दानं बोलले नाहीत. दोन दिवस तिच्याकडं नुसते बघायचे. मला वाटतं, म्हशीलाही ते कळलं असावं.

मामींचा सगळा कारभार त्या 'हूं'वर चालायचा, हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं. दिवसा सासऱ्यांकडं काही मागायची सोय नव्हती. कुणी काही विचारायचा अवकाश, की 'नाही' तोंडातून बाहेर पडलेलं असायचं. मामी दिवसा कधी विचारायच्याच नाहीत. सासरे डोळ्याला बसले, की पदर खोचून हळूच शेजारी जायच्या. "आवं, गोठ्यावर नवीन पत्रा घालायचा म्हनते." "हूं." "आवं, बहिणीकडं शिराळ्याला नागपंचमीला जाऊन यीन म्हनते." "हूं." "आवं, लेकीला पाटल्या करू या." "हूं." सकाळी सासऱ्यांना पत्ता लागायचा तेव्हा गवंडी दारात उभा असायचा. मिलिटरीचा माणूस, दिलेला शब्द मागं घ्यायचा नाही. ते चहाचा पेला खाली ठेवून गवंड्याला म्हणायचे, "घाल बाबा पत्रा."

पुढं माझी बदली त्याच भागात झाली आणि एक दिवस कागद आला, की गावातल्या रस्त्यावर दिवे बसवायचे. त्यात एक मोठा मर्क्युरीचा दिवा, आणि त्याच्या खांबाची जागा कुठली, तर सासऱ्यांच्या परड्याच्या भिंतीला लागून! मी सरपंचांना गाठलं. ते म्हणाले, "हवालदारांनीच कबूल केलंय की. परवा सांजचं मी सोता जाऊन इचारलं. हूं म्हनालं." मी मनात म्हटलं, बोंबला! त्या उजेडात आभाळातलं ते पुसट फूल कॅमेऱ्यात यायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दुर्बीण रानात न्यावी म्हटलं, तर तो खांब पुन्हा गाडायचा, पुन्हा ध्रुव साधायचा, पुन्हा दोन हिवाळे. सासऱ्यांच्या गुडघ्यांत आता तेवढी धमक नव्हती. म्हणजे दिवा लागला की फूल संपलं.

मी तडक सासऱ्यांकडं गेलो. म्हटलं, "मामा, तुम्ही डोळ्याला बसला होतात. ते धरायचं नाही. तुम्हाला ऐकूसुद्धा आलं नसेल. मी खांब पलीकडं हलवतो."

सासरे ओसरीवर बसून भिंग पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "जावयबापू, दुर्बिणीत काय आसतंय?"

"डोळा."

"मग कान कुटं जात्यात? हितंच आसत्यात की."

मी ओसरीवरच टेकलो. म्हटलं, "म्हणजे सगळं ऐकू येतं? पत्रा, पाटल्या, शिराळा?"

"सगळं."

"आणि माझं लग्न?"

"त्ये बी. विजेचं खातं म्हनल्यावर एकदा वाटलं, उठावं. पर तुमचा चुलता लय तळमळीनं बोलत हुता." सासरे गालात हसले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "दिवसा कोन काय मागाय आलं की तोंडातनं आदी 'न्हाई'च भाईर पडतंय बगा. नोकरीभर तीच सवय लागली. तितं बसल्यावर न्हाई म्हनताच येत न्हाई. बरं वाटतं."

"पण मामा, खांबाला कशाला हूं म्हणालात?"

ते दाराकडं जरा वळले. मग आत चुलीकडं बघत आवाज उतरवून म्हणाले, "सरपंचाला कुनी पाठिवलं आसंल? डोळ्याला बसल्यावर इचारा, ह्ये त्येला काय ठावं? ती अंधारात गोठ्यात जाती. माझ्यापायी कंदील न्हेत न्हाई. भ्याती. इतक्या वरसांत मला एकदा बी बोलली न्हाई." आणि पुन्हा भिंग उचललं. "खांब हाय तितंच रवा. येवडंच करा, दिवा शिवरात्रीला लावा. तवर माघाचा अंधार हाय. त्येवड्यात बगतो."

शिवरात्रीचा मुहूर्त सरपंचांनाही पसंत पडला. आमदार येणार म्हणून त्यांनी हार सांगून टाकले. इकडं सासऱ्यांनी सांगलीहून नवी फिल्म आणली, कोळ्याचे नवे धागे ओढले, आणि तयारीनिशी परड्यात उतरले, तोवर हातात तीनच संध्याकाळी उरल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी वारं फिरलं आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा सगळा धूर परड्यात येऊन बसला. दुसऱ्या संध्याकाळी ढग आले. माघात ढग! सासरे मला म्हणाले, "ह्ये बी तुमच्या खात्याकडनं हाय का?" उरली एकच संध्याकाळ, शिवरात्रीच्या आदली.

ती संध्याकाळ इतकी स्वच्छ पडली की दुकानदार हातातलं माप टांगता टांगता म्हणाला, "आज फूल येनार, हवालदार." मी आणि तो पोत्यावर बसलो. घरात मामींनी चुलीचा जाळसुद्धा विझवून टाकला होता. सासरे डोळ्याला बसले, भिंगावरची टोपी काढली, आणि पितळी स्क्रूवर हात ठेवून दगडासारखे झाले. गावाच्या जेवणाची वेळ, कुठं भांड्याचा आवाज, कुठं पोरांचा. आमच्या परड्यात श्वास घ्यायची चोरी. तास भरायला थोडाच अवकाश राहिला असेल, तेवढ्यात गोठ्यात दावं तुटल्याचा आवाज आला. म्हैस.  म्हटलं, आली आता खांब घासायला! मी उठणार, तोच मामी मागच्या दारातून झपझप निघाल्या. हातात कंदील नाही, काही नाही. अंधारातच त्या म्हशीला आवरायला गोठ्यात शिरल्या. म्हैस परत वळल्याचं ऐकू आलं. मग काहीतरी धपकन् पडलं. ओरडणं नाही, काही नाही. जरा वेळानं फक्त एक शब्द आला, अगदी हळू.

"आवं."

मला त्या शब्दात काही निराळं वाटलं नाही. दिवसातून शंभर वेळा मामी आवं म्हणायच्या. पण सासरे उठले. विंचवाला न हललेला माणूस असा उठला की स्टूल उलटं पडलं, आणि तो अंधारात धावत सुटला. आम्हीही मागोमाग पळालो. मामी गव्हाणीला अडखळून पडल्या होत्या आणि मनगट मोडलं होतं. गोठ्यात काळोख असा, की आपला हात आपल्याला दिसेना. सासरे तिथंच शेणात फतकल घालून बसले, मामींचं डोकं मांडीवर घेतलं आणि चाचपत विचारत राहिले, "कुटं लागलं? हितं? का हितं?" मामी म्हणत होत्या, "काय न्हाई. तुमी जावा. तुमचं फूल हाय तितं. जावा की!" सासरे ऐकायला तयार नाहीत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एकदम ते ओरडले, "दिवा आना! दिवा लावा रं कोनीतरी!" सगळ्या आयुष्यात ह्या माणसाच्या तोंडून दिवा मागितलेला मी तेव्हाच ऐकला. दुकानदार धावला. त्यानं आधी त्या भिंगावर टोपी घातली, आणि मगच कंदील पेटवला. व्यापारी माणूस, घाईतही नुकसान बघतो.

सकाळी दुकानदाराच्या टेम्पोतून मामींना सांगलीला नेऊन प्लास्टर घातलं. संध्याकाळी आमदार उशिरा आले, भाषण लवकर आटपलं आणि मी खटका ओढला. परड्यात पांढराफेक उजेड पडला. बायाबापड्यांनी "आगं बया!" केलं. प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन मामी दिव्याखालून गोठ्यात गेल्या आणि म्हशीला वैरण टाकून आल्या, कुठंही न अडखळता. सासरे भिंतीला टेकून वर बघत उभे होते. वर काही दिसत नव्हतं. मी जवळ गेलो, तर म्हणाले, "चांगला लागलाय दिवा. काम चोख केलंत." मला त्या क्षणी माझ्या नोकरीचा राग आला, आणि मामी हसताना दिसल्या म्हणून तो राग टिकलाही नाही.

ती फिल्म तशीच डब्यात पडून राहिली. सासरे म्हणायचे, "मधनंच उठलो. बिघडल्यालं धुऊन काय करू?" शेवटी मामींनी रंगपंचमीच्या दिवशी घोंगडी त्यांच्यापुढं आणून टाकली. सासरे आत शिरले. बाहेर आले आणि ओली फिल्म दोरीवर वाळत टाकली. दोन दिवसांनी कागदावर फोटो काढून आमच्यापुढं ठेवला. फूल होतं! पुसट, राखेच्या बोटांनी काढल्यासारखं, पण पाकळ्यापाकळ्यांचं गोल फूल. फक्त भोवतीच्या प्रत्येक मोठ्या ताऱ्याला एक शेपटी होती. सगळ्या शेपट्या एकाच दिशेला, सारख्याच लांबीच्या. काही तर फुलावरूनच ओढलेल्या. सासरे म्हणाले, "वाया गेलं," आणि तो चुलीत टाकायला उठले. मामींनी चांगल्या हातानं तो हिसकावून घेतला. "माझं फूल हाय. तुमी कोन टाकनारं?"

त्यानंतर सासरे डोळ्याला बसले नाहीत. दुकानात पाच किलोचं माप परत आलं. संध्याकाळी दुकानदार आणि ते त्या मर्क्युरीच्या दिव्याखाली खुर्च्या टाकून बसायचे, आणि मामी काही विचारायला आल्या की सासरे सवयीनं आधी 'नाही' म्हणायचे, आणि मग थोडं थांबून, घसा साफ करून, 'बरं' म्हणायचे. आता ते नाहीत. परड्यातल्या त्या दगडी खांबाला म्हैस रोज खुशाल अंग घासते आणि तिला कुणी हाकलत नाही. मी गेलो की मला अजूनही उगाच वाटतं, मागं जाऊन बघावं, बसलेत का.

मामींच्या खोलीत तो फोटो सांगलीहून करून आणलेल्या चौकटीत लावलेला आहे. मध्यंतरी माझी मुलं तो बघत होती, तेव्हा मी शहाणपणानं समजावायला गेलो, की फोटो घेताना आजोबा मधूनच उठले, म्हणून तो जरा चुकलाय. मामी खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. त्या उठून आल्या आणि मला बाजूला सारून मुलांना म्हणाल्या, "चुकलाय कशानं? ह्ये टिपकं हायत न्हवं, तवर तुमचं आज्जा फुलापाशी हुतं. आन् ह्या शेपट्या हायत न्हवं, तवा ते माझ्यापाशी हुतं." आणि काचेवरून त्यांनी एका शेपटीवर बोट फिरवलं, हळूहळू, पार टोकापर्यंत.